भाकरी आली गं

पुणे,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तीर्थरूप अक्कांस,
नम्रताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. भाऊजींची बीपीची गोळी चुकवू देऊ नका. मंडईत भाजी घेऊन आलेल्या बापूरावांबरोबर हे पत्र आणि तिळगूळ पाठवते आहे. लाडू जरा कडक झालेत, भाऊजींच्या दातांना जपून द्या. चित्त ठिकाणावर नव्हतं, पाक पुढे गेला.

माझं डब्यांचं बरं चाललंय. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पेठेतल्या जिन्यांना गुडघ्याशी काय वैर आहे कोण जाणे, सगळी गिऱ्हाइकं तिसऱ्याच मजल्यावर राहतात.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नमे, पोरगं लई गप हाय. जेवतंय, पण वर बघत न्हाई. अभ्यासाचं पुस्तक बी उघडत न्हाई." मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. अक्का, फोनवर खोटं बोलणं सोपं असतं. लिहिताना सारखं पेन थांबतंय.

तेजसची कुठलीही परीक्षा नाही. मीच त्याला तुमच्याकडे लपवलाय.

फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन हल्ली तोच उचलतो. म्हणून पत्र. हे तुम्ही एकट्यानेच वाचा, भाऊजींना मग सांगा.

माझ्याकडे एस्तेर नावाची मुलगी डबा लावते, हे मी दिवाळीत तुम्हाला सांगितलं होतं. युगांडाची, इथे फार्मसी शिकते. तुम्ही विचारलं होतं, "आपलं तिखट झेपतंय का तिला?" झेपायचं. वर आमटी पुन्हा मागायची. डबा घासून, पुसून परत द्यायची. असं गिऱ्हाईक पुण्यात जन्मलेल्यांतही मला मिळालेलं नाही.

तेजसची नोकरी सुटल्यापासून तो चौकातल्या एका ग्रुपमध्ये जायला लागला. 'पेठ रक्षक' म्हणे. पेठेवर कुठलं संकट आलं होतं ते मला ठाऊक नाही. त्यांनी त्याला टी-शर्ट दिला, वाघ म्हणाले. घरात त्याला कामाचं विचारणारी मी एकटी, आणि तिथे पाठ थोपटणारे वीसजण. बाहेरून आलेल्या पोरांचे व्हिडिओ काढायचे, घरमालकांना दम द्यायचा, हे त्यांचं रक्षण. एकदा जेवताना मला म्हणाला, "त्या काळीला डबा का देतेस? लोक हसतात." मी म्हटलं, "ती डबा घासून देते. तू तुझं ताट तरी उचल." माझं मलाच हसू आलं. तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एस्तेरच्या दारावर कुणीतरी घाण शब्द लिहिले, तेव्हा ती घाबरली. मीच तिला शिकवलं, "कुणी कितीही ठोठावू दे, 'भाकरी आली गं' असं ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही." मी लई शहाणी. माझा गुडघा सुजला तेव्हा तेजसच्या हाती डबा दिला आणि तोंडाने हे शब्दही दिले.

मग एका दुपारी तिच्या खोलीवर चौघेजण गेले. तोंडाला रुमाल. दाराबाहेरून एकाने म्हटलं, भाकरी आली गं. तिने कडी काढली.

तिचं सामान जिन्यावरून खाली फेकलं, हसत हसत व्हिडिओ काढला. ती पुस्तकं धरायला धावली, तर कुणीतरी तिला ढकललं. कमरेचं हाड मोडलंय. पुन्हा नीट चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

पोलीस माझ्याकडे विचारायला आले. हे शब्द आणखी कुणाला माहीत होते? मी म्हटलं, कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी तेजसला एसटीत बसवलं. त्याने काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. डब्यात त्याला गूळतूप-पोळी दिली. आईपणाचा एवढा मला पुळका.

काल भोगी. तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन मी दवाखान्यात गेले. खाटेभोवती पडदा होता. रोजची सवय, तोंडातून निघून गेलं, "भाकरी आली गं."

अक्का, ती जी किंचाळली ते अजून कानात आहे. मोडलेल्या कमरेने उठायला गेली, सलाईनची सुई निघून आली. नर्स माझ्यावरच ओरडली. पडदा सरकवल्यावर तिने मला पाहिलं आणि रडायला लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी, आवाज तेजस का था. पुलिस को नाम नहीं बोला. तुम खाना देती हो ना."

तिने भाकरीचा एक घास खाल्ला. माझं मन राखायला.

मी जेवण देते म्हणून ती पोर गप्प बसली. आणि मी कशासाठी गप्प बसले होते? आज सकाळी चौकीवर जाऊन सगळं सांगितलं. तो कुठे आहे तेही.

साहेबांनी बजावलंय, तिकडे कुणालाही कळवू नका, पोरगा पळेल. तुमच्या उसात त्याला महिनाभर कुणी शोधू शकणार नाही, हे मलाही कळतं. तुमचा जीव आहे त्याच्यावर. तो लहानपणी तापाने फणफणला तेव्हा तुम्ही रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसला होतात. तरी लिहितेय. एकदा खोटं सांगून त्याला तुमच्या घरात ठेवलं. आता न सांगता तुमच्या दारात पोलीस आणणं माझ्याने होणार नाही. पाया पडते, त्याला पळवू नका. आज पळाला तर जन्मभर त्यांचाच वाघ होऊन राहील.

बापूराव दुपारी पोचतील, मी आणि पोलीस दिवेलागणीला. तोवर त्याला पोटभर जेवू घाला. गुळाची पोळी त्याला तव्यावरचीच आवडते. भाऊजींना मागच्या खोलीत बसवा.

मी दाराबाहेरून हाक मारीन, "तेजा, मी आले रे." पोलिसांनीच तसं सांगितलंय. तुम्ही उठू नका, अक्का. माझा आवाज ऐकून तोच कडी काढेल.

तुमची,
तेजसची आई
नम्रता