हाराचा फोटो

अप्पा, आज करमाडला एका म्हाताऱ्याचा फोटो काढून आले. त्यांच्या मुलाचा फोन आला होता, "ताई, वडलांचा एक चांगला फोटो काढून ठेवावा म्हणतो." आपल्याकडं असा फोटो कशासाठी काढून ठेवतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. म्हातारा मात्र बोलला. बाजेवर बसता बसता मला म्हणाला, "हाराचा फोटो म्हन की सरळ. त्यात लाजायचं काय?" मुलगा दुसरीकडं बघायला लागला. मी हसले, तेही सवयीनं. हल्ली माझं असंच होतं. हसू काय, वाईट वाटणं काय, काहीच आतपर्यंत पोचत नाही.

घरात अंधार, म्हणून त्यांना अंगणात बसवलेलं. भर दुपारचं ऊन. फोटो काढला अन् कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं, तर माझंच थोबाड दिसतंय. शेवटी ओढणी डोक्यावरून पुढं घेतली, त्या सावलीत फोटो मोठा केला अन् डोळे तपासले. खांद्यावरच्या उपरण्याचा धागा न् धागा स्पष्ट, डोळे मात्र धूसर. परत काढला, परत ओढणी. तुम्ही असतात तर ओरडला असतात. मुकुंदवाडीचं ते लग्न, माझा पहिला डिजिटल कॅमेरा, मी प्रत्येक फोटोनंतर मान खाली घालतेय अन् तुम्ही मांडवाबाहेर सगळ्यांदेखत म्हणताय, "समोर जिवंत माणूस उभाय अन् तू त्या डबीत काय बघतीस गं?" मला लई राग आला होता. शहागंजच्या आपल्या स्टुडिओत फिल्म धुवून होईपर्यंत तुम्हाला काहीच कळायचं नाही, तरी तुम्ही शांत झोपायचात. मला ते कधी जमलं नाही.

म्हातारा थकला होता. मुलगा म्हणाला, "राहू द्या ताई, आला तसा चालंल." तर म्हाताराच म्हणाला, "नाय, येऊ दे नीट. मला नाय, तुलाच बघायचाय रोज." मी पुन्हा काढला. या वेळी डोळे आले, पापणीचा केस न् केस. त्यांनाही बघायचा होता. उन्हात दिसेना, तर सरळ माझ्या ओढणीखाली डोकं घातलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय, मीच हाय." मी "छान आलाय, बाबा" म्हणाले. कॅमेरा पिशवीत ठेवला, चहा घेतला, निघाले.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सगळा स्टुडिओ पालथा घातला होता. अख्ख्या शहागंजची लग्नं-बारशी निगेटिव्हच्या डब्यांत, तुमचा एक फोटो नाही. शेवटी कुणाच्या तरी वरातीच्या गर्दीत कडेला उभे सापडलात, तेवढाच तुकडा मोठा करून घेतला. डोळ्यांच्या जागी दोन डाग. त्यालाच हार घातला. आई अजून रोज तो पुसते. मला वाटायचं, नसला फोटो तर नसला, तुम्ही माझ्या डोक्यात आहात ना. आज जालना रोडनं परत येताना गाडी बाजूला घेतली, डोळे मिटले अन् तुमचा चेहरा आठवून बघितला. भिंतीवरचाच आला. हे आईला सांगितलेलं नाही, अन् हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही. तुमचे डोळे कसे होते, अप्पा, मला खरंच आठवत नाही.