डावी मूठ

अप्पा, तुमची सून जाऊन येत्या फाल्गुनात दोन वर्षे होतील, आणि ही गोष्ट मी तुम्हांला अजून सांगितलेली नाही. तुम्हांला जाऊनच बावीस वर्षे झाली. तेव्हा कळवण्याचा प्रश्न कोठे येतो, असे कोणीही म्हणेल. तरीही गेल्या रविवारी मोटारसायकलची डावी मूठ कापून काढण्यासाठी हातात पाते घेतले आणि ते तसेच ओट्यावर ठेवून मी आत येऊन बसलो, तेव्हा हे तुमच्यावाचून कोणापाशी बोलता येणार नाही, एवढे मला स्पष्ट झाले.

तुमच्या काळी अशा मुठी नव्हत्या. रबराच्या आत बारीक तार असते, बॅटरीवर ती तापते आणि चालवणाऱ्याचे तळवे ऊबदार राहतात. थंड मुलखातील ही वस्तू पेणमध्ये कशाला, असे तुम्ही विचारले असते. मीही तिला तेच विचारले होते. परंतु पौषात रोह्याहून रात्रपाळी संपवून सकाळी परतताना नागोठण्यापाशी नदीवरचे धुके अंगावर येई, आणि घरी पोहोचेपर्यंत माझी बोटे खडूसारखी पांढरी पडत. डॉक्टरांनी रक्ताभिसरणाचा दोष सांगून हात गरम ठेवण्यास बजावले होते. ती स्वयंपाकघरात माझे दोन्ही हात चहाच्या पातेल्याभोवती धरून ठेवी आणि म्हणे, “रोज ही बर्फाची बोटं आनून माज्या हातात देता. मला दुसरी कामं नायत काय?” एके दिवशी पनवेलहून तिने या मुठी मागवल्या. कंपनीत सहकाऱ्यांनी साहेब काश्मीरला निघाले काय, म्हणून माझी महिनाभर थट्टा केली. मी त्या मुठींविषयी तिच्यापाशी कौतुकाचा एक शब्द काढला नाही. फक्त रोज वापरल्या.

बसवल्या आम्ही दोघांनी. उजवी मी, डावी तिने. आतून डिंक लावून मूठ सरकवली की ती नीट करण्यास फार वेळ मिळत नाही, सांधा धरेपर्यंत दाबून धरावी लागते. ती जोह्याची, मूर्तिकारांच्या घरची, हे तुम्हांला ठाऊकच आहे. गणपतीचा सुटा बाहू धडाला बसवताना सांधा धरेपर्यंत त्यांच्याकडे कोणी बोलत नाही, हलत नाही. तशीच ती अंगणात डावी मूठ दोन्ही तळव्यांत दाबून, ओठ मिटून उभी राहिली. मी मोजपट्टी लावून पाहिले आणि ती मूठ दोन मिलिमीटर आत गेली असल्याचे सांगितले. बोलता येत नसल्याने तिने माझ्याकडे नुसते पाहिले. सांधा धरल्यावर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुमच्याच हाताला लागनार हाय.”

यंदाच्या पौषात वडखळच्या नाक्यावर दोन्ही मुठी एकाएकी थंड पडल्या. फ्यूज जळाला होता. नवा घातला, मुठी तापल्या, आणि ॲक्सिलरेटर पिळताच तोही जळाला. मग घरी येऊन मी अंगणात तुमच्यासारखा बसलो, अप्पा. स्टँडजवळच्या तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात दोन तारा जोडलेला तो छोटा बल्ब घेऊन तुम्ही बॅटरीपासून निघत असा आणि एकेक टप्पा पक्का करीत पुढे जात असा. आधीच निष्कर्ष काढणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर बसवत असा. मी उजव्या मुठीची जोडणी सुटी केली. फ्यूज टिकला, डावी तापू लागली. म्हणजे दोष उजवीत. रबरातून तार जेथे बाहेर येते, तेथेच ती तुटली होती आणि तिचा उघडा पदर हँडलच्या लोखंडाला लागत होता. उजवी मूठ सतत फिरते. आणि ती तार नीटनेटकी दिसावी म्हणून ब्रेकच्या केबलला ताणून कोणी बांधली होती, तर मी.

तुम्हांला तो मूर्ती वाहणारा टेम्पो आठवतो? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दरवाजावरील दिव्याची तार मी एकट्याने ओढली आहे, सरळ, कडेला घट्ट, आणि तुम्ही बघावी म्हणून शेजारी उभा आहे. तुम्ही चष्मा वर सारून म्हणता, “दिसायला बेस हाय. पन दरवाजा उघडायचा हाय का नाय?” आणि दरवाजा उघडता. तार तट्‌कन तुटते. टेम्पोवाला हसतो, तुम्ही हसत नाही. हलणाऱ्या वस्तूच्या तारेला जागा सोडावी, एवढेच सांगून तुम्ही मला दुसरी तार देता. इतक्या वर्षांनी मी तीच चूक केली, आणि तीही तिने दिलेल्या वस्तूवर. तिलाही मी असेच, जागा न सोडता वागवले असेल काय, हा विचार त्या दुपारी अंगणात मला बराच वेळ सोडत नव्हता.

तुटलेली जागा रबरात ओतलेली असल्याने सांधता येत नाही. वडखळच्या मेकॅनिकने जोडीच घ्यावी लागेल, सुटी मिळत नाही, असे सांगितले. एक नवी, एक जुनी ठेवली तर कमीजास्त तापणार. मग डावीवर बोट ठेवून म्हणाला, “आनि ही तशी पन वाकडीच बसवलीय कोनीतरी.”

“वाकडी नाही,” मी म्हणालो. “दोन मिलिमीटर आत आहे.”

“मापून ठेवलंय की सर तुमी,” म्हणून तो हसला. मी जोडी घेऊन घरी आलो.

उजवी मूठ पात्याने उभी चिरली, सोलून काढली, हँडलची नळी स्पिरिटने स्वच्छ पुसली आणि नवी बसवली. सांधा धरेपर्यंत कोणाशी बोललो नाही. बोलण्यास कोणी नव्हतेही. तारेला सैल वळसा ठेवला, मूठ दोन्ही बाजूंना पुरती फिरवून पाहिली. तुम्ही त्यात दोष काढला नसता. त्यानंतर डावीकडे वळलो. पाते रबराला लावले. ती मूठ निकामी नव्हती, अप्पा. ती चालू होती.

नवी डावी मूठ वेष्टनासह कपाटात आहे. मेकॅनिकने विचारले, तेव्हा दोन्ही बदलल्याचे मी सांगितले. आता उजवी लवकर तापते, डावीला वेळ लागतो. गाडी उभी असताना बॅटरीवर असा भार टाकणे चुकीचे, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. तरीही निघण्यापूर्वी मी अंगणात इंजिन चालू ठेवून डाव्या मुठीवर दोन्ही हात ठेवतो आणि ती तापेपर्यंत उभा राहतो. काल तर थंडीही नव्हती.