मांजरीला जाण्याआधी

६ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून पीएचडी वेगाने. सहावं वर्ष आहे, पण पाया पक्का हवा. विषय माझाच: पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या रानांवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि काही शेतकरी आता त्याच सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन आहेत. त्यांच्यात महिनोन्महिने वावरून लिहायचं. आधी वाचन मात्र. न वाचता फील्डवर जाणं म्हणजे नुसतं फिरणं.
३१ तारखेपर्यंत दीडशे पेपर. रोज सहा.

९ जानेवारी
वाचले: दोन. त्यातला एक आधीच वाचलेला निघाला.
डिपार्टमेंटमध्ये समाधान भेटला. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलाय. विश्रांतवाडीहून बस बदलत मांजरीला जातो म्हणे. विषय माझ्याला चिकटूनच: तिथल्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका. विचारलं, लिटरेचर रिव्ह्यूचं काय. म्हणाला, बसमध्ये वाचतो.
बसमध्ये.
मला हेवा वाटत नाही. त्याची काळजी वाटते.

१७ जानेवारी
आमच्या गाइड सोनाली मॅडमनी सेमिनारमध्ये समाधानच्या फील्ड नोट्स वाचून दाखवल्या. एकोणीस मिनिटं. माझ्या प्रपोजलला चार, त्यात त्यांचा एक फोन.
नोट्समध्ये एकही संदर्भ नव्हता. मी ते लक्षात आणून दिलं. मॅडम म्हणाल्या, अवधूत, मोलकरणीने बोलताना तळटीप द्यायची का. सगळे हसले. समाधान हसला नाही. तेच जास्त लागलं.

२ फेब्रुवारी, रविवार
टार्गेट सुधारून साठ पेपर. फोल्डरना रंग दिले. आठवडा गेला, पण आता सिस्टिम आहे.
वल्लरीने विचारलं, त्या वॉचमनचं नाव काय. बायकोला संशोधनातलं कळत नाही. सांगितलं, नावं शेवटी बदलायचीच असतात. मग ठीक आहे, म्हणाली आणि टीव्ही लावला.

१८ फेब्रुवारी
समाधानचा पेपर छापून आला. रिव्ह्यूत घेणं भाग आहे, म्हणून वाचला. तीनदा. पान सातवर एक स्वल्पविराम चुकलाय.
लोक त्याच्याशी बोलतात, त्यात त्याचं काय कर्तृत्व. सदाशिव पेठेतून आलेल्या माणसाशी कुणी मोकळं होत नाही, हा माझा स्ट्रक्चरल तोटा आहे. यावर कुणी लिहिलंय का, बघायला हवं. (नवा फोल्डर. जांभळा.)

५ मार्च
प्रोग्रेस कमिटी. दोनशे बारा संदर्भांची यादी पुढे ठेवली. वाचलेत किती, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. विचारलं ते असं: भेटलात किती जणांना. म्हणालो, भेटण्याची चौकट तयार आहे.
बाहेर आल्यावर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, पंधरा दिवसांत एक तरी मुलाखत आणा, नाहीतर मला सही करता येणार नाही. हवं तर समाधानबरोबर जा.
समाधानबरोबर मी जाणार नाही.

१९ मार्च, संध्याकाळी ६.३०
गेलो. स्कूटरवर, एकटा.
गेटवर साठीचे वॉचमन. दशरथराव (नाव नंतर कळलं). त्यांनी रजिस्टर पुढे केलं: नाव, कुठून आलात, कोणाकडे. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. सांगितलं, तुमच्याकडेच. म्हणाले, माझ्याकडं कोण येतंय, फ्लॅट नंबर सांगा. मी प्रोजेक्ट समजावला, छापील प्रश्नावली दाखवली. म्हणाले, सेल्समनला आत बंदी हाय.
गाडी वळवली. नाक्यापर्यंत गेलो. परत आलो.
विचारलं, समाधानला ओळखता का.
त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. समोरून चहा मागवला. समाधानच्या आईचा गुडघा आता कसा हाय, विचारलं. मला माहीत नव्हतं. बरा आहे म्हणालो. मग बी विंगच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाले, तिथं आमची विहीर होती. पुढे दोन तास बोलत राहिले. बुजवली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, तेही सांगितलं. प्रश्नावली पिशवीतच राहिली. वही भरली.
निघताना त्यांनी विचारलं, तुम्ही समाधान सरांचे विद्यार्थी का.
हो म्हणालो.