दिपिकाच्या नावाचा दगड

सोमवार, ४ नोव्हेंबर
दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि मी गिरीजला कामावर हजर झालो. काम म्हणजे चैनच आहे. फर्डिनंडसर आणि आग्नेसबाई, दोघंही निवृत्त शिक्षक. त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी पाच फुटी काचेची टाकी आहे. आत मी खडकांची रचना उभारायची: दोन खांब, वर कमान, माशांना लपायला कपारी. काम होईपर्यंत वरची खोली माझी. कल्पेश, लाजू नकोस म्हणत बाईंनी वाडीतली इतकी केळी खाऊ घातली की जेवणच बुडालं. दिपिका तुळिंजच्या आमच्या खोलीत एकटी आहे. दहा दिवस माझं घोरणं ऐकू येणार नाही, हीच तिची पाडव्याची ओवाळणी, असं ती म्हणते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
दगड बाजारचे नाहीत. आजोबांनी आमच्या खाजणात भरतीचं खारं पाणी अडवायला घातलेला बांध गेल्या वर्षी फुटला, त्याचे आहेत. वर्षभर पिंपात भिजवून, घासून स्वच्छ केले. खालचे दगड थेट काचेवर बसवायचे, वाळू नंतर. आधी वाळू घातली तर मासे ती उकरतात आणि सगळा डोलारा कोसळतो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडली, पाणी खेळतं राहायला. दुपारपर्यंत खांब उभे राहिले. स्वतःचंच काम बघून शिट्टी वाजवावीशी वाटली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
कमान तीनदा पडली. भोकं पाडून प्लास्टिकच्या कांड्या घातल्या, पुट्टी भरली, तरी मधला दगड सुटतोच. आमच्याकडे बांध टिकत नसला की शेवटचा दगड ठेवताना घरातल्या कुणाचं तरी नाव घेतात. लहानपणी मी आजोबांना, म्हणजे धर्माआजाला, असं पुटपुटताना पाहिलंय. हे फोनवर सांगितलं तर दिपिका म्हणाली, मग माझंच घे, तुलाही मीच उभं ठेवलंय. मी हसत हसत घेतलं. दगड बसला. हात काढला तरी हलला नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर
टाकी भरली. पाणी स्थिर होईपर्यंत मला इथेच थांबायचंय. सर दोन तास समोर खुर्ची टाकून बसले होते. दिपिकाचे खांदे दुखताहेत. बादली उचलताना लचक भरली असेल म्हणते.

सोमवार, ११ नोव्हेंबर
तुळिंजला जाऊन आलो. दिपिका वाकून चालते, पाठीवर पोतं असल्यासारखी. खोकली की तोंडात खारं पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसांत पाणी आहे. कुठून आलं ते त्यांना सांगता येईना. दवाखान्यात ठेवलंय, सासूबाई सोबत आहेत. मला फार भीती वाटतेय. तिच्यासमोर दाखवली नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर
गावी बाबांना फोन केला. कमानीचं आणि दिपिकाच्या दुखण्याचं ऐकून त्यांनी कुणाचं नाव घेतलं ते विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "बांधाखाली मेल्या मानसाचं नाव घालायचं असतं रं. आजा त्याच्या बापाचं घ्यायचा. जित्याचं घातलं तर बांध त्याला ठेवून घेतो." एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

गुरुवार, १४ नोव्हेंबर, सकाळ
दगड काढायला गेलो. बोटभर हलवला आणि सासूबाईंचा फोन — दिपिकाचा श्वास अडकला. दगड परत ठेवला, श्वास आला. खात्री करायला पुन्हा हलवला. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा कशाला बघायचं होतं मला —

दुपार
पाणी थंड आहे, दगड कोमट. पुट्टीवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. त्याशेजारी आता चार बोटं उमटलीत, आतून बाहेर ढकलल्यासारखी. करंगळी वाकडी. दिपिकाची आहे तशीच. आग्नेसबाईंना दाखवलं. त्या गुडघ्यांवर बसून रोझरी म्हणायला लागल्या.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सकाळ
दिपिका बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, माणसं बोलावून घ्या.
बाबांना पुन्हा विचारलं. नाव काढता येत नाही. बदलता येतं, पण जित्याच्या जागी जिताच. ते म्हणाले, माझं घाल, माझं वय झालं. मी त्यांचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, उघडलं होतं.

अकरा वाजता
दगडावर हात ठेवून नाव घेतलं. माझं. बाबांना कळवलेलं नाही.

साडेअकरा
सासूबाईंचा फोन. दिपिका उठून बसली. चहा मागितला. माझ्याशी बोलायचंय म्हणते. मी बोलायला गेलो तर तोंडात खारं —
पाठ सरळ होत नाही. वही भिजतेय.

सर, हे बाबांना वाचून दाखवा. तिला नाही. ती हट्टी आहे. नाव बदलता येतं हे कळलं तर धावत येईल, दगडावर हात ठेवून पुन्हा स्वतःचं —
बाबा, तिला काही सांगू नका. टाकीजवळ येऊ देऊ नका. सांगा कल्पेश कामाला लांब गेलाय, सांगा दुसरी बाई — काहीही सांगा, फक्त तिला