काजूएवढं हाड

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आण्णा पडले. बांधावरून घसरले आणि सगळा भार उजव्या तळहातावर. गोरखकाकांनी मोटरसायकलवर परतूरला आणलं, मी काम करते त्याच दवाखान्यात. दोन वर्षांत आण्णा पहिल्यांदा माझ्या एक्स-रेच्या खोलीत आले – तेही चपला दाराबाहेर काढून!

रुग्णाच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं – रायभान. चार फोटो काढले. चौथा मनगट करंगळीकडे वळवून. मोडल्याची रेघ कुठेच नाही.

‘मोडलंय का?’ हे मला दिवसातून वीस जण विचारतात. उत्तर ठरलेलं – डॉक्टर सांगतील. आण्णांनाही तेच म्हणाले. काका हसले. “एवढं शिकून फोटू वाचता न्हाई येत का तुला?” आण्णांनी मान खाली घातली. मग मी बोलून गेले, “काही नाही, आण्णा. मोडलेलं नाही.” आण्णांनी काकांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

डॉक्टरांनी मात्र अंगठ्याच्या मुळाशी, खळग्यात दाबलं तेव्हा आण्णा कळवळले. स्कॅफॉइडची शंका. मनगटातलं काजूएवढं हाड – मोडलं तरी पहिल्या दिवशी फोटोत बऱ्याचदा दिसत नाही. अर्धं प्लास्टर घातलं. दहा दिवसांनी पुन्हा फोटो, तोवर हात हलवायचा नाही.

हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी.

८ नोव्हेंबर
कळप निघाला. आई, आण्णा, काका आणि दीडशे मेंढ्या. आता पावसाळ्यापर्यंत रानोरान. लहानपणी या दिवशी मी घोड्यावर असायचे, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी. आज आठ ते चार ड्युटी.

१२ नोव्हेंबर
आईचा फोन. आण्णांनी प्लास्टर काढून टाकलं – लोकर कातरायच्या कात्रीनं. मी आवाज चढवला नाही. कारण विचारलं. काका चिडवत होते म्हणे, मोडलं नाही तर बांधलंय कशाला? “तूच म्हणलीस ना न्हाई मोडलं,” आई म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले ते कुणाच्या लक्षातच नाही. रेणूनं पाहिलंय, विषय संपला.

मी समजावलं. या हाडाला रक्त एकाच टोकाकडून जातं. मोडलेलं असेल आणि हलत राहिलं तर दुसरा तुकडा उपाशी राहतो, मरतो. मग मनगट कायमचं गेलं. सतरा तारखेला या.

आण्णा फोनवर आले. “बिलकुल दुखून न्हाई राह्यलं. तू जेवलीस का?”

१७ नोव्हेंबर, सोमवार
दहा दिवस झाले. आले नाहीत. फोन बंद.

२० नोव्हेंबर
फोन बंद. आज तिघांच्या मनगटाचे फोटो काढले. तिघांनाही विचारलं, खळग्यात दुखतं का? ते माझं काम नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. दरवर्षी या दिवसांत कळप वाटूरला असतो, म्हणून तिथं गेले. फाट्यावरच्या चहावाल्यानं शेत दाखवलं. मालक बिभीषण नावाचे. खतासाठी त्यांनी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंड्या वरून सुकलेल्या, फोडल्यावर आत ओल – कळप निघून दोन दिवस, फार तर तीन. तीन दगडांची चूल, राख गार.

बिभीषण म्हणाले, “म्हातारा काठी डाव्या हातानं धरून राह्यला व्हता.”

आण्णा डावखुरे नाहीत.

चुलीपाशी बसून राहिले. वीस मिनिटं. कारण काही नाही. आईनं दगड नेहमीसारखेच लावले होते, तोंड उगवतीला.

२७ नोव्हेंबर
फोन बंद. खोलीवर मी एकटीच, तरी दोन माणसांचा स्वयंपाक केला. चुकून.

३० नोव्हेंबर, रविवार
गावोगाव विचारत गेले, तीर्थपुरीच्या अलीकडे सापडले! लांबूनच ओळखले – पागोट्यावरून नाही, चालीवरून. पळत गेले नाही. पळावंसं वाटलं.

“आली का बाय,” एवढंच म्हणाले. मी हात हातात घेतला, खळग्यात अंगठा दाबला. चेहरा जराही हलला नाही. पायाची बोटं मात्र मातीत रुतली. मी म्हणाले, चला. काकांनी आण्णांची काठी स्वतःकडे घेतली. कळप त्यांच्यावर सोडून आम्ही तिघं निघालो. जीपमध्ये आण्णांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. परतूर येऊ नये असं वाटत होतं – आणि लवकर यावं असंही.

१ डिसेंबर
फोटो. रेघ नाही, फट आहे. दोन मिलिमीटर.

डॉक्टर म्हणाले, तुकडा सरकलाय, प्लास्टरवर भागणार नाही. स्क्रू घालावा लागेल. तुकड्याला रक्त मिळत राहिलं तर तीन-चार महिन्यांत जुळेल. खात्री आज देता येत नाही.

आण्णांना मी स्वतः सांगितलं. “पहिल्या दिवशीच मोडलं होतं. मी चुकले.”

“फोटूत न्हवतं दिसत. तुझा काय कसूर?”

३ डिसेंबर
ऑपरेशन झालं. स्क्रू नीट बसलाय. बाहेर बाकावर आई माझ्याकडे न बघता बोलली. “पलस्तर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं त्यांना भाकर मोडता येत न्हवती. मीच भरवत व्हते. फोनबी त्यांनीच बंद करून ठिवला. म्हणले, रेणूला सांगू नको. लोकं म्हणतील, रायभानच्या पोरीला काई कळत न्हाई.”