विहिरीजवळचा वाफा

बाबा, तुमचा फोटो आता अमरावतीत एका हॉटेलच्या भिंतीवर लावलेला आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला, माणसाएवढा मोठा. खाली लिहिलंय, ‘आमच्या शेतातून तुमच्या ताटात’. ते मी लिहिलं. त्या हॉटेलात मी नोकरी करते. मेनूत, पाट्यांवर आणि मोबाइलवर जे लिहायचं असतं ते लिहिते, आणि जेवणाबद्दल कोणी काही विचारलं तर टेबलाशी जाऊन सांगते. घरातली पहिली पदवी माझी, गृहविज्ञानाची. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

त्या हॉटेलात ‘क्लीन ईटिंग’ मिळतं. स्वच्छ खाणं असं सांगावं तर तुम्ही म्हणाल, मग बाकीचे हॉटेलवाले काय माती खाऊ घालतात का. मैदा नाही, साखर नाही, तेलाची तर्री नाही, फवारलेली भाजी नाही, असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे सुरुवातीला होता. आता ते शब्द चिवड्याच्या पाकिटावर छापलेले दिसतात, बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर एकानं ते रसवंतीच्या गाडीवरही रंगवून घेतलेत. पण मुलाखतीच्या दिवशी मालकांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आपला विहिरीजवळचा वाफा आठवला. आपल्या घरात मुकाट्यानं पाळली जाणारी गोष्ट अखेर सगळ्यांना कळली, असं मला वाटलं. बसमध्ये घरी येताना मी इतकी खूश होते की शेजारच्या अनोळखी बाईला पेढे घ्या म्हणाले, आणि मग लक्षात आलं की पेढे अजून आणलेलेच नाहीत.

वावर मोठं, सगळं वांग्यांचं, भेदरांचं (मेनूत मी त्यांना टोमॅटो लिहिते) आणि फुलकोबीचं. आणि विहिरीच्या धक्क्याला लागून हा एवढासा तुकडा. त्यात सगळं थोडं थोडं: चार वांग्याची झाडं, मेथी, पालक, सांबार (मेनूतली कोथिंबीर), कडेला दोन-तीन भेदरांची झुडपं. मोठ्या वावरात औषध मारून आलात की तुम्ही आधी आंघोळ करायचात, कपडे बदलायचात आणि मगच त्या वाफ्यात पाय ठेवायचात. त्यातलं एक पान अकोल्याच्या बाजारात गेलं नाही. ते घरचं. आम्हा पोरांना त्यात शिरून वाटेल ते तोडून, न धुता, तिथेच उभ्यानं खायची मोकळीक होती. मोठ्या वावरातलं भेदरं तोंडात घातलं तर मात्र पाठीत धपाटा. आपल्याकडे बहुतेक माळ्यांच्या घरी असा एक वाफा असतो. कोणी त्याबद्दल बोलत नाही, नव्या सुनेला काही सांगावं लागत नाही.

मी सातवीत असेन. तुम्ही ओसरीत बसून बाजारातल्या लिलावासाठी वांगी निवडताय, चकचकीत ती टोपलीत आणि किडकी ती बाजूला. मी विचारते, लोकांना पोरं नाहीत का. मला वाटतं आता मार बसणार. तुम्ही एक भोक पडलेलं वांगं उचलून माझ्यासमोर धरता. “हे नेतो हर्रासात. पाह्य, कोनी हात लावते का. लोकाइले डाग नसलेलं पायजे, मी डाग नसलेलं देतो. मले कोनी इचारलं का कधी, काय मारलं म्हनून?” आणि ते वांगं माझ्या ओच्यात टाकून म्हणता, “जाय, मायले दे. आज हेच करू.” मला ते उत्तर पटलं नव्हतं. मी तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. पुढे दवाखान्यात डॉक्टरनंही एवढंच विचारलं, दारू पितात का. माय नाही म्हणाली. तुमचं यकृत गेलं होतं आणि तुम्ही कधी घोटभरही घेतली नव्हती. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गेलेली वर्षं सांगायची असतात, हे आपल्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं.

म्हणूनच मला वाटलं, आता विचारणारी माणसं आली आहेत. मी मालकांना वाफ्याबद्दल सांगितलं, दादालाही पटवलं. या वर्षी हा वाफा, पुढल्या वर्षी शेजारच्या दोन सऱ्या, असं करत करत सगळं वावर औषधाशिवाय उभं राहील, आणि हॉटेल ते चांगल्या भावानं घेत राहील. मालक स्वतः गाडी घेऊन आपल्या वावरात आले. चांगले वागले, मायच्या हातचा चहा प्याले, पालक हातात धरून फोटो काढून घेतला. जाताना म्हणाले, किडीनं खाल्लेली पानंही पाठवत जा, फोटोत खरी वाटतात. ते गेल्यावर दादा कितीतरी वेळ हसत होता. म्हणाला, हर्रासात जे फेकून देतात ते हे लोक मखरात बसवून राहिले. त्याच भेटीत त्यांनी तुमचा फोटो मागितला. वावरातला तुमचा एकच फोटो आहे, पंप पाठीवर घेतलेला. मी तो दिला.

भिंतीवर लागला तेव्हा पंप नव्हता. संगणकावर पुसून टाकला होता. पण खांद्यावरचे पट्टे तसेच राहिले, त्यामुळे तुम्ही शाळेचं दप्तर घेऊन निघाल्यासारखे दिसता. मायला मी मुद्दाम अमरावतीला आणलं होतं, तुमचा फोटो दाखवायला. ती भिंतीसमोर उभी राहिली, पदर सावरला, बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती फक्त एवढंच म्हणाली, “आता काढला व्हय पंप.” मग टेबलाशी बसली आणि समोर आलेल्या उकडलेल्या भाज्यांना मीठ मागू लागली. मी तेव्हा तिच्यावर थोडी चिडलेच होते.

वाफ्यातलं सगळं हॉटेलात जाऊ लागलं. पोरीनं आणि कोंबड्यांनी नासधूस करू नये म्हणून दादानं त्याला जाळी लावली. पोरगी म्हणजे दादाची मुलगी, तुमची नात. चार वर्षांची आहे आणि तुमच्यासारखीच एका भुवईनं रागावते. मी सुट्टीला घरी गेले तेव्हा वहिनीनं वांग्याची भाजी वाढली. रंग जरा जास्तच चकचकीत होता. मी सहज म्हटलं, घरचंच ना. वहिनी म्हणाली, “घरचं तुमी नेता ना बाई.” सगळे हसले. मीही हसले आणि दुसऱ्यांदा भाजी घेतली. दादाच्या सऱ्यांचं काय झालं हे मी विचारलं नाही, कारण हॉटेलानं वाफ्याच्या पलीकडचं काहीच मागितलेलं नाही हे मला माहीत होतं. मला वाटत होतं, जरा वेळ लागेल.

मग या हिवाळ्यात पोरगी आजारी पडली. जाळीमुळे वाफ्यात शिरता येईना, म्हणून ती मोठ्या वावरात गेली आणि भेदरं तोडून खाल्ली. सकाळीच औषध मारलेलं. तिला कोणी धपाटा घातला नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. तिच्यासाठी झाडावरचं सगळंच खायचं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती पलंगावर घामानं भिजलेली, तोंडातून लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. नर्स वहिनीला विचारतेय, काय खाल्लं. वहिनी सांगते, भेदरं. कुठलं? आपल्याच वावरातलं. नर्स म्हणते, घरचंच ना, मग त्यानं कसं होईल. तेव्हा दादा पुढे होऊन औषधाचं नाव सांगतो, आणि मग सगळ्यांची धावपळ सुरू होते.

दवाखान्यातल्या बाकावर दादा, वहिनी आणि मी बसलो होतो. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “वाफा मी इकला, मले मान्य हाय. पन इकाले मले कोनं शिकवलं?” वहिनी अगदी शांतपणे म्हणाली, “तुमच्या हॉटेलातल्या लोकाइले सांगा बाई, आमची पोट्टी सोडून सगळ्याइनं चांगलं खाल्लं.”

पोरगी वाचली. आता घरी आहे, हिंडतेफिरते. दादानं त्याच आठवड्यात जाळी उपटून टाकली. वाफा पुन्हा घरचा झालाय, पण ती त्यात जात नाही. कडेला उभी राहते आणि आईला बोलावते.

मी अमरावतीला परत आले ती मालकांशी भांडायच्या तयारीनं. काय काय बोलायचं ते गाडीत मनाशी जुळवलं होतं: वाफा यापुढे मिळणार नाही, घ्यायचं असेल तर पूर्ण वावराचा भाव द्या, नाहीतर ती पाटी उतरवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोरगी बरी आहे ना, असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, काही अडचण नाही. मला वाटलं मी नीट बोलले नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, “अगं, चार टोपल्यांवर कुठं हॉटेल चालतं? तो वाफा फोटोपुरता होता.” बाकीची भाजी रोज सकाळी अकोल्याच्या बाजारातून टेम्पोनं येते. टेम्पो मी रोज बघत होते. त्यात कांदे-बटाटे असतात असं मी धरून चालले होते, कधी आत डोकावून पाहिलं नव्हतं. त्यात आपल्या मोठ्या वावरातली वांगीही येत असणार. म्हणजे आपल्या घरातला वाफा गेला तेव्हा त्या हॉटेलच्या जेवणात काही आलं नाही, आणि आता परत गेला तर काही कमी झालं नाही. मी विचारलं, मग पाटीचं काय करायचं. ते खरंच गोंधळले. म्हणाले, “राहू दे की. बाबा तुझेच आहेत ना? मग त्यात खोटं काय आहे?”

या प्रश्नावर मी अजून अडकले आहे, बाबा. ते लबाड नाहीत. मलाही ते शब्द आवडले होते, आवडल्यामुळेच मी ते इतके चांगले लिहू शकले. तुमच्यावर मी पोरवयात रागावले, कारण तुम्ही दोन वाफे ठेवलेत, एक आपला आणि एक लोकांचा. मला एकच हवा होता. मला वाटायचं, शिकले की तो करून दाखवीन. झालं असं की सगळ्यांचं एकच झालं, मोठ्या वावरातलं, आणि त्यावर चांगलं नाव तेवढं माझ्या हातानं लागलं. तुम्ही कोणाला फसवलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही निदान भाजीला कधी नाव दिलं नाही.

नोकरी मी सोडलेली नाही. दवाखान्याचं बिल फिटलं, वहिनी माझ्याशी बोलू लागली, आणि दादानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, दुसरं बघतेय. बघतेही आहे. पण परवा दुपारी मला एका टेबलाशी बोलावलं. एक बाई, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, समोर कापलेल्या भेदरांची ताटली. तिनं मनापासून विचारलं, “ताई, हिला देऊ ना? फवारलेलं नाही ना हे?” सकाळी टेम्पोतून भेदरं उतरवली तेव्हा मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, द्या. हे दादाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला लिहिलेला हा कागद मी घरी नेणार नाही.