चांदीचा हात

मखमलाबाद, नाशिक
ता. ९ नोव्हेंबर १९९७

ती. छायाताईंस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आला नाहीत, म्हणून तुमच्या वाटणीच्या करंज्या मी संपवल्या. आता रागवा. झेंडूचा शेवटचा तोडा काल मार्केटला गेला.

तुमच्या भावाचा उजवा हात तसाच, खांद्यापासून लोंबता. जहाजावरून पाण्यात पडलेल्या सोबतच्या खलाशाला, वाळूला, ओढताना दोर मनगटाला गुंडाळला होता, लाटेच्या हिसक्यानं हात निखळला आणि वाळू गेला. भरपाईसाठी वकिलांना सांगितलं तेवढंच. घरात त्याचं नाव काढत नाहीत.

पण ताई, दुपारी हे झोपले की तो हात ओढतो. मूठ वळते, कोपर मागे येतं, थांबतं, पुन्हा येतं. जाग आली की निर्जीव. ह्यांना काहीच ठाऊक नाही. काल तळवा पुसायला गेले तर ओला. घाम म्हणावा तर थंडगार.

माया असू द्यावी.
तुमची सुवर्णा

माझगाव, मुंबई
ता. १६ नोव्हेंबर

चि. सौ. सुवर्णा हिस अनेक आशीर्वाद.

करंज्या मी व्याजासकट वसूल करीन. झोपेत स्नायू उडतात म्हणे, शेजारच्या डॉक्टरांना विचारलं. तू उगाच त्या हाताकडे बघत बसू नकोस. आणि आईला अजिबात कळू देऊ नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. हात कायमचा गेला असं कंपनीचा डॉक्टर लिहून देत नाही तोवर भरपाई नाही, आणि ज्ञानेशला बोटीवर पुन्हा कोण घेणार?

आठवण ठेव.
छायाताई

मखमलाबाद
ता. २ डिसेंबर

ती. ताईंस सा. न. वि. वि.

घात झाला. सासूबाईंनी हात हलताना पाहिला. बरा झाला तर गडावरच्या देवीला चांदीचा हात वाहीन, असा त्यांचा नवस होता. फेडायला उशीर केला तर देवी दिलेलं परत नेते, म्हणून मला न सांगता जाऊन वाहून आल्या. गेल्या मंगळवारी कंपनीचा माणूस चौकशीला आला. त्याला आग्रहानं जेवायला वाढून सासूबाईंनीच सांगितलं, की लेकाचा हात चालू लागला, नवससुद्धा फिटला.

आता बारा तारखेला मुंबईत त्यांचा डॉक्टर ह्यांना झोपवून तपासणार, आदल्या दिवशी हे तुमच्याकडेच उतरतील. हात हलला तर सगळंच गेलं. आपण ढोंग करतोय असं तुलाही वाटतं का, हे मला रोज विचारतात. काय सांगू?

तुमचाच आधार आहे.
सुवर्णा

माझगाव
ता. १२ डिसेंबर

चि. सौ. सुवर्णा हिस आशीर्वाद.

त्याला सांग, ढोंग नाही. मी पाहिलं.

काल दुपारी तो झोपला आणि हात ओढू लागला. दाबून धरला तरी थांबेना. वाटलं, हे काम अर्धं राहिलंय. पुरं झाल्याशिवाय हा हात उद्या गप्प पडायचा नाही. म्हणून त्याच्या मुठीवर माझे दोन्ही हात ठेवले आणि त्याच्याबरोबर ओढू लागले. सुवर्णा, मुठीत काही नव्हतं. वजन मात्र होतं. माझ्या तळहातांची सालटी निघाली आहेत. शेवटी ते एकदम हलकं झालं, मूठ उघडली, फरशीवर पाणी पसरलं. ज्ञानेश झोपेतच हसला.

आज डॉक्टरांसमोर हात लाकडासारखा पडून राहिला. कायमचं अपंगत्व लिहून मिळालं. भरपाई आता अडत नाही, असं वकील म्हणाले. आईला बोलू नकोस. तिनं लेकासाठीच केलं.

कालपासून न्हाणीच्या दाराशी कुणीतरी कुडकुडत उभं आहे. आमच्या ह्यांना दिसत नाही. टॉवेल ठेवला, तो भिजला. चहा ठेवला, तो निवला. वाळूच्या घरचा पत्ता वकिलांकडून मागवला आहे.

उद्याच्या पंचवटी एक्स्प्रेसनं ज्ञानेशला पाठवते. तो एकटाच येईल, एवढं मी बघते.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी
छायाताई